सर, मॅच आहे!

ऑगस्ट उलटला की आपल्या कॉलेजात दोन वेळापत्रकं लागतात. एक डिपार्टमेंटच्या बोर्डावर, टेस्टचं. दुसरं जिमखान्याच्या दारावर, झोनलच्या मॅचेसचं. टेस्टच्या तारखा आपलं कॉलेज ठरवतं, मॅचच्या तारखा यजमान कॉलेज ठरवतं आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. पण ग्रहांची युती व्हावी तशा या तारखा बरोब्बर एका दिवशी येतात! मग कोणीतरी ट्रॅकसूटवर स्टाफरूमच्या दारात उभं राहून ते सुप्रसिद्ध वाक्य म्हणतं, "सर, मॅच आहे."

मी तिसऱ्या वर्षाला, मेकॅनिकलला. तीन वर्षं कॉलेजच्या खो-खो टीममध्ये आहे. तेव्हा मी काही तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पहिला मुद्दा हिशोबाचा. "दिवसभर ग्राउंडवर असतात, अभ्यास कधी करणार?" हे स्टाफरूमपासून मेसपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. आमची प्रॅक्टिस संध्याकाळी साडेपाच ते सात. आठवड्याचे सहा दिवस धरले तर नऊ तास. आता मला सांगा, मागच्या सेमला मागच्या वर्षीचं जर्नल समोर ठेवून तेच रीडिंग, तोच ग्राफ आणि तेच कन्क्लुजन नव्या पानांवर उतरवण्यात तुमचे किती तास गेले? सबमिशनच्या आठवड्यात आमच्या विंगमध्ये रात्री तीनला दिवे चालू असतात ते ज्ञानोपासनेसाठी नाही. त्या वेळेचा हिशोब कोणी मागत नाही, कारण ती 'अभ्यासात' जमा असते. खो-खो मात्र 'टाइमपास'च्या खात्यात.

खो-खोची मॅच म्हणजे नऊ-नऊ मिनिटांच्या चार पाळ्या. एकूण ३६ मिनिटं. या ३६ मिनिटांसाठी सकाळी सहाची एसटी, ग्राउंडवर चुना पडेपर्यंत वाट बघणं, आधीच्या मॅचमधली भांडणं, वडापाव आणि रात्री नऊला परत. वेळ जातो तो इथे, आणि ही वेळ वापरता येते. आमच्या टीममधला सिव्हिलचा एक जण एसटीत खिडकीशी बसून झेरॉक्स नोट्स संपवतो, आम्ही मागे अंताक्षरी खेळत असतो. त्याला आजवर एकही केटी नाही. (अंताक्षरीवाल्यांचे आकडे इथे देत नाही, संपादक नाराज होतील.)

दुसरा मुद्दा पी.एल.चा. परीक्षा जवळ आली की घरून फोन, "आता महिनाभर खेळ बंद." आई-बाबांचं चुकतं असं नाही, पण हॉस्टेलचा अनुभव वेगळा आहे. ग्राउंड बंद केल्यावर तो दीड तास पुस्तकात जातो का? जात नाही. तो टपरीवर जातो, किंवा कोणाच्या तरी रूममध्ये लॅपटॉपवर 'एकच एपिसोड' बघण्यात जातो. पी.एल.मध्ये दीड तास नको, अर्धा-पाऊण तास पुरे. चार फेऱ्या पळा, थोडा खांबाचा सराव करा आणि आंघोळ करून बसा. पळालेला माणूस अकराला आडवा होतो. दिवसभर वाचलेलं डोक्यात मुरायला झोप लागते, हे तर आता शास्त्रही सांगतं. नाइट मारून सकाळी पेपरला पेंगणाऱ्यांपेक्षा हे बरं नाही का?

आता कुंबळेंचं उदाहरण येणारच. कुंबळे मेकॅनिकलचे, श्रीनाथ इन्स्ट्रुमेंटेशनचे, मग तुम्हाला काय झालं? पण या यादीतलं एक नाव मला वेगळ्या कारणासाठी आठवतं. एरापल्ली प्रसन्ना १९६२ मध्ये मद्रासला पहिली कसोटी खेळले, वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर गेले आणि मग इंजिनिअरिंग पूर्ण करायला क्रिकेटपासून लांब राहिले. पुढची कसोटी १९६७ साली. त्यानंतरही त्यांच्या एकूण बळींचा आकडा १८९ झाला, त्यामुळे गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. माझं लक्ष मात्र त्या मधल्या पाच वर्षांकडे जातं. एवढ्या मोठ्या फिरकी गोलंदाजालाही दोन्ही एकदम जमवून देणारी व्यवस्था नव्हती. आमच्यासारख्या झोनलपर्यंत पोचणाऱ्यांचं काय घेऊन बसलात!

उलटं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे कमी पडत होते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, असं सांगतात. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. आमच्या सरांनी घर गहाण टाकावं अशी आमची अजिबात मागणी नाही. आम्हाला एका फॉर्मवर सही हवी आहे, आणि ती चार वाजायच्या आत हवी आहे.

ग्रेस मार्कांबद्दलही बोलतो. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, आणि नंतर वर्गात "याला खेळाचे मिळालेत" हे ऐकून घ्यावं लागतं. मला गुण नकोत, तारीख द्या. बुडालेली टेस्ट आठवडाभरात वेगळा पेपर काढून घ्या, हवा तर कठीण काढा. प्रॅक्टिकलला त्या दिवशी 'ए' बॅचऐवजी 'बी' बॅचबरोबर बसू द्या. मशीन तेच, इन्स्ट्रक्टर तेच, एक स्टूल जास्त लागेल. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी बी.टेक.ला जादा जागा ठेवल्या आहेत (अर्थात जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पार करूनच). तिथे प्रवेशाचं दार उघडतं, तर इथे टेस्टची तारीख हलायला हरकत नसावी.

सरांची बाजूही आहे, आणि ती खरी आहे. मॅच बाराला संपते आणि ड्यूटी लीव्ह पाचपर्यंतची लावली जाते. टीममध्ये बारा जण आणि यादीत सतरा नावं. चीअरिंग करायला गेलेलाही "सर, मॅच होती" म्हणतो! खेळाडू मित्रांनो, या पाच नावांमुळे आपल्या बारा जणांचा शब्द हलका होतो. यादी जिमखान्याने टाइप करून, क्रीडाशिक्षकांच्या सहीने, मॅचच्या आधी पाठवावी. नंतर नाव घुसवायचं नाही. आणि ७५ टक्के हजेरीचं गणित सेमच्या शेवटी मांडण्याऐवजी पहिल्या महिन्यात, मॅचेस नसताना, एकही लेक्चर न बुडवता करून ठेवावं. त्या महिन्यात आपल्याला कोणी अडवलेलं नसतं.

या सेमचा ड्रॉ आला आहे. आमची पहिली मॅच मंगळवारी सकाळी, आणि हीट ट्रान्सफरची टेस्ट त्याच मंगळवारी साडेदहाला. बारा नावांचा अर्ज टाइप करून दिला आहे. तीन सह्या लागतात, दोन झाल्या. तिसरे सर रजेवर आहेत, सोमवारी येतील.