व्रतं आमची, शास्त्र त्यांचं?



धर्म सांभाळायचा बाईने आणि सांगायचा पुरुषाने, ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही खटकतंय असं आपल्याला वाटतही नाही. आमच्या पालीचंच बघा. पाली म्हणजे अष्टविनायकातलं नव्हे, तर मुंबई-गोवा रस्त्यावर कोल्हापूरचा फाटा फुटतो ते, लक्ष्मीपल्लीनाथाचं. आमच्या या भागात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. खळं सारवणं, नैवेद्य, ओटी ही सगळी धावपळ बायकांची. गाऱ्हाणं घालायला मात्र पुरुष पुढे. कौल गुरव लावणार, मानपान मानकरी ठरवणार. सत्संगांना, बैठकांना गर्दी बायकांची आणि निरूपणाला बहुधा पुरुष. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "पूर्वापार आहे, शास्त्रात सांगितलंय." कुठल्या शास्त्रात, ते बहुतेक वेळा सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पण ते शोधायची मुभा त्याला होती, बाईला नव्हती.

आमच्या वाडीतल्या एका मुलीने बी.ए. झाल्यावर तत्त्वज्ञान आणि धर्म या विषयात एम.ए. करायचं म्हटलं. घरचे म्हणाले, "पोथ्या वाचून पोट भरतं का? बी.एड. कर." चळवळीतल्या माझ्या मैत्रिणी म्हणाल्या, "तिला समजाव गं. ज्या चिखलातून बाहेर पडायचं, त्यातच पुन्हा कशाला?" घरच्यांची काळजी मला कळते. या विषयात नोकऱ्या थोड्या आहेत, हे खरंच आहे. मैत्रिणींचं म्हणणं मात्र मला मुळीच पटत नाही.

धर्म शिकवणं वेगळं आणि धर्माचा अभ्यास करणं वेगळं. पहिल्यात मान तुकवायची असते, दुसऱ्यात प्रश्न विचारायचा असतो. आपल्या घटनेच्या २८व्या कलमाने पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धर्मशिक्षणाला मनाई केली आहे. पण धर्मांचा अभ्यास म्हणजे धर्मशिक्षण नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय खटल्यात म्हटलं. त्याच्या कितीतरी आधी, १९४८-४९च्या राधाकृष्णन आयोगाने पदवीच्या वर्गांत थोर धर्मपुरुषांची चरित्रं, निरनिराळ्या धर्मग्रंथांतले उतारे आणि धर्माचं तत्त्वज्ञान शिकवावं, अशी शिफारस केली होती. म्हणजे दार उघडंच आहे. त्यातून आत कोण जातं, हा खरा प्रश्न आहे.

आत गेल्याने काय होतं? आमच्याच जिल्ह्यातले, चिपळूण परिसरात जन्मलेले पां. वा. काणे घ्या. धर्मशास्त्राचा इतिहास लिहायला त्यांनी आयुष्य घातलं. त्याचे पाच खंड १९३० ते १९६२ या काळात निघाले, आणि १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळालं. विधवेचं केशवपन, ज्याच्यापायी आपल्या कितीतरी पणज्या अंधाऱ्या खोलीत बसल्या, त्याला वेदांत आणि जुन्या स्मृतींत आधार नाही, ती रूढी नंतरच्या काळात वाढली, हे काण्यांनी पुराव्यानिशी दाखवलं. त्या पणज्यांपैकी एकीला जरी ते ग्रंथ वाचता आले असते तर?

जिला वाचता आले, तिने काय केलं तेही आपल्यासमोर आहे. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवलं त्यांच्या आईने. आईला शिकवलं होतं वडिलांनी, लोकांचा रोष पत्करून. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. पुढे १८८७ साली त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते याच शास्त्रांचे दाखले देऊन. महाडला १९२७ साली बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली, तीही तिच्यात काय लिहिलंय ते नीट पाहून. न वाचता नाकारलेलं पुस्तक दुसरा कोणी वाचतो आणि त्यातलं हवं तेवढंच आपल्याला ऐकवतो.

आजही हेच चाललं आहे. हाजी अली दर्ग्याच्या आतल्या भागात स्त्रियांना बंदी झाली, तेव्हा मुस्लिम भगिनीच न्यायालयात गेल्या. ही बंदी इस्लामचा अत्यावश्यक भाग आहे, हे ट्रस्टला दाखवता आलं नाही, असं म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली ती उठवली. धर्मात काय आहे आणि काय नाही, हे तिथे भर न्यायालयात तपासलं गेलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. ठराव कागदावर होतो. पण प्रेत दारात असताना एखादी म्हातारी "शास्त्र आहे बाई" म्हणते, तेव्हा तिला प्रेमाने आणि ठामपणे उत्तर देणारी कोणीतरी गावातच हवी.

मात्र अभ्यासाच्या नावाखाली काहीही चालेल, असं मी म्हणत नाही. २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिषाचे अभ्यासक्रम आणले, आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना आडकाठी केली नाही. अलीकडे काही विद्यापीठांत हिंदू अध्ययनाचे वर्ग निघाले आहेत. रामटेकच्या कालिदास संस्कृत विश्वविद्यालयाचं रत्नागिरीतलं उपकेंद्र काण्यांच्याच नावाने आहे. अशा प्रत्येक ठिकाणी आपण विचारायला हवं: इथे फक्त गौरव शिकवणार की चिकित्साही? जात येणार का? इतर धर्म येणार का? हेमा रायरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा झाल्या. बायकांनी आपल्या तोंडाने सांगितलेला देव तिथे आहे. तो अभ्यासक्रमात असणार का? मुलगी वर्गात असेल तरच हे प्रश्न आतून विचारले जातील.

अभ्यासाने श्रद्धा जाते, ही भीतीही फोल आहे. जिची राहायची तिची राहते, जिची जायची तिची जाते. ते तिचं तिला ठरवू द्या. देवापुढे हात जोडावेत की नाही याला सक्ती नको, तशी बंदीही नको. पण हात जोडणाऱ्या बाईला अक्षर वाचू न देणं, हा अन्यायच आहे.

म्हणून मंडळांतल्या मैत्रिणींना माझं सांगणं आहे. आपल्या गावातली एखादी मुलगी या विषयाकडे वळत असेल तर तिला परतवू नका. तिच्या घरी जा, आईशी बोला, फीचं आणि शहरातल्या राहण्याचं काय होतंय ते बघा. ती शिकून आली की तिला शिबिरात बोलवा आणि तिचं ऐका. "शास्त्रात सांगितलंय" म्हणणाऱ्याला "दाखवा बघू" म्हणणारी एक तरी बाई प्रत्येक गावात असायला हवी.