प्रकारनिष्ठेचा आग्रह आणि ‘जाने भी दो यारों’

कुंदन शाह यांचा ‘जाने भी दो यारों’ हा चित्रपट १९८३ साली पडद्यावर आला, तेव्हापासून आजतागायत त्याच्यावर मनापासून प्रेम करणाऱ्यांच्या तोंडूनदेखील एक तक्रार हटकून ऐकू येते. ती अशी, की चित्रपट विनोदी खरा, परंतु तो नेमका कोणत्या जातीचा विनोदी चित्रपट आहे याचा फैसला त्याच्या कर्त्यांना अखेरपर्यंत करता आला नाही. प्रारंभी ती दोन गरजू छायाचित्रकारांची हलकीफुलकी कहाणी वाटते, पुढे एका वृत्तपत्राच्या आश्रयाने चाललेली टेहळणी होते, मग खुनाचे रहस्य, मग एका प्रेताच्या पळवापळवीचा धिंगाणा, मग भर रंगमंचावर महाभारताची उडालेली त्रेधा, आणि या सर्वांवर कडी म्हणजे शेवटी दोन निरपराध माणसांची शोकांतिका. इतकी स्थित्यंतरे करणाऱ्या कृतीला एकात्म कलाकृती म्हणावे कसे, असा आक्षेपकांचा सवाल आहे.

हा आक्षेप अतिशयोक्त आहे एवढेच म्हणून मी थांबणार नाही; तो मुळातच चुकीचा आहे असे माझे मत आहे. परंतु प्रतिपक्षाची बाजू दुबळी करून मांडायची आणि मग ती पाडल्याचे समाधान मानायचे, ही खंडनाची रीत नव्हे. म्हणून त्यांचे म्हणणे आधी त्यांच्याच जोमाने मांडतो. ते म्हणतात की विनोदात प्रेक्षकाला एक अभय दिलेले असते. पडणाऱ्याचे हाड मोडणार नाही, फसणाऱ्याचा सर्वनाश होणार नाही, या भरवशावर तो मोकळेपणाने हसतो, आणि शेवटच्या काही क्षणांत हे अभय काढून घेतले तर त्याच्या आधीच्या हास्याचाही विश्वासघात होतो. ते असेही म्हणतात की पहिलाच चित्रपट करणाऱ्या दिग्दर्शकाला ठाऊक असलेले सर्व काही एकाच कृतीत ओतण्याचा मोह होतो, आणि ज्याला बहुरंगीपणा म्हणून गौरवले जाते तो वस्तुतः निवड करण्याच्या असमर्थतेचा दाखला असतो. त्यांच्यातले जे विद्वान आहेत ते आनंदवर्धनाला साक्षीला बोलावतात, आणि प्रबंधात अनेक रस असले तरी त्यांपैकी एकच अंगी असला पाहिजे, हा ‘ध्वन्यालोका’तला दंडक आपल्यापुढे ठेवतात.

यांपैकी दुसऱ्या मुद्द्याचा निकाल लवकर लावता येतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेल्या शाह यांचा हा पहिला चित्रपट होता हे खरे. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशातून, सात लाख रुपयांच्या आत, स्नेह्यासोबत्यांच्या बळावर तो तयार झाला हेही खरे. दोन्ही नायकांना विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा ही सहकाऱ्यांचीच नावे दिली गेली, आणि निर्मितीची व्यवस्था पाहणाऱ्या विधू विनोद चोप्रा यांनाच नाट्यप्रवेशात दुःशासन म्हणून उभे राहावे लागले. परंतु ज्याच्यापाशी इतका तुटपुंजा ऐवज आहे त्याला उधळपट्टी परवडत नाही. त्याला प्रत्येक दृश्याचा हिशेब चोख ठेवावा लागतो, आणि रेणू सलुजा यांच्या संकलनाने तो ठेवलेला दिसतो. या चित्रपटाला जे स्वातंत्र्य लाभले ते निराळ्या प्रकारचे होते. व्यापारी चित्रपटाच्या जन्माआधीच त्याचा वितरक त्याचे वर्णन एका शब्दात मागतो, कारण त्याला ते भिंतीवरच्या जाहिरातीत छापायचे असते. सरकारी प्रमाणपत्रात तसा रकानाच नाही. चित्रपट कोणत्या वयाच्या प्रेक्षकाने पाहावा एवढेच तिथे ठरते, तो कोणत्या प्रकारचा आहे हे ठरत नाही. म्हणजे एकाच प्रकाराशी निष्ठा, या मागणीचा मूळ धनी कला नसून विक्री आहे. विक्रेत्याची ही सोय समीक्षकाने सौंदर्यशास्त्राचा सिद्धांत म्हणून मिरवावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अभय काढून घेण्याच्या आक्षेपाला मात्र वजन आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच परंपरेत शोधले पाहिजे. भरताने दहा रूपकांत प्रहसनाला स्वतंत्र स्थान दिले हे सर्वश्रुत आहे. पण हास्य प्रहसनाच्या कुंपणात कोंडून ठेवावे असे आपल्या थोर नाटककारांनी मानले नाही. देवलांच्या संगीत अवतारामुळे महाराष्ट्राच्या घराघरांत पोचलेले ‘मृच्छकटिक’ घ्या. जुगाराच्या अड्ड्यातून पळालेला ऋणको त्यात आहे, जानव्याने भिंत मोजून शास्त्रोक्त भोक पाडणारा शर्विलक आहे, गणिकेची प्रीती आहे, न्यायसभा आहे, वधस्तंभाकडे नेला जाणारा चारुदत्त आहे आणि राजाला पदच्युत करणारी राज्यक्रांतीही आहे. या सर्वांहून महत्त्वाचा आहे तो शकार. पुराणांतली नावे एकमेकांत मिसळून बडबडणाऱ्या या राजशालकाला पाहून प्रेक्षक पोट धरून हसतो, आणि तोच शकार निर्जन उद्यानात वसंतसेनेचा गळा आवळतो. शूद्रकाने इथे अभय काढून घेतले नाही काय? त्याने ते काढून घेतले, आणि तसे करताना मूर्खाच्या हाती सत्ता आली म्हणजे त्याचा मूर्खपणाच कसा प्राणघातक होतो हे दाखवले. हसणे आणि हादरणे यांचा उगम एकाच पात्रात असल्यामुळे तिथे प्रेक्षकाचा विश्वासघात होत नाही.

यावर प्रतिपक्ष म्हणेल की शूद्रकाने चारुदत्ताला वाचवले, शाह यांनी आपल्या नायकांना वाचवले नाही. याच भेदापाशी मला आक्षेपकांना आणायचे होते. चारुदत्तावरचा पुरावा खोटा आहे. वसंतसेना जिवंत परत येते आणि खोट्याचे खोटेपण उघड होते. विनोद आणि सुधीर यांच्या हातातला पुरावा खरा आहे, आणि चित्रपटाच्या पूर्वार्धापासून ज्यांना ज्यांना त्याची गरज आहे त्यांना तो खरा असल्याचे ठाऊक आहे. खऱ्या पुराव्याचे मुंबई शहरात काय होते, हा एकच प्रश्न चित्रपट पहिल्यापासून शेवटपर्यंत विचारतो. त्याचा प्रकार बदलतो तो केवळ पुरावा एका हातातून दुसऱ्या हातात जातो म्हणून. माझ्या मंडनाचा सारा भार या एका विधानावर आहे, तेव्हा ते तपशिलाने सिद्ध केले पाहिजे.

हे दोघे छायाचित्रकार आहेत, ही निवड सहज झालेली नाही. त्यांचा व्यवसायच घडले ते जसेच्या तसे टिपण्याचा आहे, आणि त्या व्यवसायावर त्यांची भोळी निष्ठा आहे. ‘खबरदार’ची संपादिका शोभा सेन त्यांना बिल्डर तर्नेजा आणि महापालिका आयुक्त डिमेलो यांच्यातले संधान उघडे करण्याच्या कामावर लावते, तेव्हा ते पत्रकारितेच्या क्षेत्रात शिरतात, आणि चित्रपट टेहळणीचा होतो. तर्नेजाचा प्रतिस्पर्धी आहुजा हाही त्याच वाटेने आयुक्तापर्यंत पोचू पाहतो, तेव्हा ते मक्तेदारांच्या बाजारात येतात, आणि चित्रपट उपहासाचा होतो. मग एका स्पर्धेसाठी बागेत काढलेले छायाचित्र मोठे करून पाहताना त्यांना झाडीत खून दिसतो, आणि चित्रपट रहस्यकथेच्या वळणावर जातो. त्या बागेचे नाव अंतोनिओनी पार्क आहे. १९६६ च्या ‘ब्लो-अप’ या अंतोनिओनीच्या चित्रपटाला दिलेली ही मानवंदना सर्वांच्या ध्यानात येते, परंतु तिच्यातला विरोध क्वचितच कोणी ध्यानात घेतो. अंतोनिओनीच्या छायाचित्रकाराने चित्र जसजसे मोठे करावे तसतसे ते ठिपक्यांत विरत जाते, प्रेत नाहीसे होते, आणि आपल्या डोळ्यांनी काही पाहिले की नाही याचीच शंका उरते. कुंदन शाह यांच्या छायाचित्रकारांना अशी कोणतीही शंका छळत नाही. त्यांचे चित्र स्पष्ट आहे. प्रेत नाहीसे होत नाही, उलट ते सापडते, हाताळता येते, ढकलता येते, मद्यधुंद आहुजा त्याच्याशी भर रस्त्यात संवादही करतो. समृद्ध युरोपातल्या कलावंताला डोळ्यांवर संशय घेण्याची मुभा होती. मुंबईतल्या कलावंताला डोळ्यांवर भरवसा ठेवून संस्थांवर संशय घ्यावा लागला. ज्या वर्षी हा चित्रपट आला त्याच्या आदल्याच वर्षी, जानेवारी १९८२ मध्ये, सिमेंटच्या वाटपावरून महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले होते, हे स्मरले म्हणजे या संशयाचे कारण निराळे सांगावे लागत नाही.

आता त्या नाट्यप्रवेशाकडे वळू, कारण आक्षेपकांचा सर्वांत मोठा रोष त्यावरच आहे. पाठलागातून निसटलेले नायक खून झालेल्या डिमेलोच्या प्रेतासह एका नाट्यगृहात शिरतात. तिथे द्रौपदीवस्त्रहरणाचा प्रयोग चालू आहे, आणि प्रेतालाच द्रौपदीचे वस्त्र नेसवले जाते. पांडव, कौरव, मध्येच घुसलेले मोगल दरबारातले पात्र, यांची जी सरमिसळ होते तिला कित्येकांनी निखळ गमतीचा पण कथेशी असंबद्ध तुकडा ठरवले आहे. मला हा प्रवेश सबंध चित्रपटाचा गाभा वाटतो. द्यूतसभा ही आपल्या स्मृतीतली अशी जागा आहे, जिथे सर्व ज्ञानी, वडीलधारे आणि अधिकारी उपस्थित असतात, अन्याय सर्वांच्या देखत घडतो, आणि कोणीही उठत नाही. पुराव्याचा अभाव हे त्या सभेचे दुःख नव्हते. पुरावा सर्वांच्या समोर उभा होता. चित्रपटात त्या सभेत द्रौपदीच्या जागी प्रत्यक्ष पुरावाच आणून बसवला आहे, आणि त्याचे हरण करण्यासाठी दोन्ही पक्ष झटत आहेत. समोर काय चालले आहे असे पुनःपुन्हा विचारतो तो एकटा अंध धृतराष्ट्र. डोळसांपैकी कोणालाही हा प्रश्न पडत नाही, कारण काय चालले आहे ते त्यांना पुरेपूर माहीत आहे.

या प्रवेशाच्या रीतीलाही आपल्याकडे भक्कम वंशावळ आहे. पारशी रंगभूमीचे भरजरी संवाद त्यात उघडच ऐकू येतात. पण गणातल्या वंदनेनंतर गवळणीत मावशीची थट्टा आणि मग वगात राजकारण, हा क्रम ज्याच्या अंगवळणी पडला आहे त्या तमाशाच्या प्रेक्षकाला, किंवा कोकणातल्या दशावतारात संकासुराची गंमत आणि देवकथेचे गांभीर्य एकाच रात्री, एकाच अंगणात पाहणाऱ्या प्रेक्षकाला, अशा मिश्रणाने गोंधळल्यासारखे कधी झाले नाही. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने तर कीर्तन, लावणी आणि क्रौर्य एकाच मानवी भिंतीसमोर उभे केले. प्रेक्षक बुचकळ्यात पडतो असे जे सांगितले जाते, ते प्रेक्षकाच्या वतीने कोणी तरी परस्पर दिलेली कैफियत आहे. प्रदर्शनाच्या वेळी तिकीटबारीवर फारसा गाजावाजा न झालेला हा चित्रपट पुढे दूरदर्शनवर पाहून ज्यांनी तो तोंडपाठ केला, त्या सामान्य माणसांनी तशी तक्रार केलेली नाही.

शेवटाविषयी यानंतर फार लिहिण्याचे कारण नाही. नवा आयुक्त श्रीवास्तव, तर्नेजा, आहुजा आणि शोभा एकत्र येतात, शहरातला एक पूल कोसळल्याचे किटाळ दोघा छायाचित्रकारांवर येते, आणि कैद्यांच्या वेषात मुंबईच्या रस्त्यावर चालताना ते गळ्यावरून हात फिरवतात. उद्याच्या यशाची ग्वाही देणारे, प्रत्येक शाळेत म्हटले जाणारे गीत त्या वेळी ऐकू येते. पुरावा इतक्या हातांतून गेल्यावर तो ज्या अखेरच्या हातात पडायचा तो न्यायाचा हात होता, आणि तोही इतरांसारखाच निघाला. या जागी विनोदी चित्रपटाच्या शिरस्त्याला अनुसरून नायकांची सुटका केली असती तर तोच खरा विश्वासघात झाला असता. अंगी रस कोणता, असे विद्वान विचारतील तर माझे उत्तर करुण असे आहे, आणि तो शेवटी अवचित उपटलेला नसून पहिल्या दृश्यातल्या त्या दोघांच्या भाबड्या विश्वासातच त्याचे बीज आहे. हास्य त्याचे अंग आहे. आनंदवर्धनाचा दंडक इथे मोडलेला नाही, पाळला गेला आहे.

चित्रपट निर्दोष आहे असा माझा दावा नाही. ‘ती फुलराणी’तली मंजुळा म्हणून मराठी प्रेक्षकांच्या काळजात घर केलेल्या भक्ती बर्वे यांच्या वाट्याला आलेली शोभा ही या पुराव्याच्या प्रवासातली सर्वांत गुंतागुंतीची व्यक्ती आहे, कारण सत्य छापण्याचे व्रत सांगणारी तीच सत्याचा सौदा करू पाहते; तिच्या या पालटाला चित्रपटाने पुरेसा अवकाश दिलेला नाही, आणि इतक्या समर्थ अभिनेत्रीच्या हाती तो दिला असता तर फार मोलाचे काही हाती लागले असते. परंतु ही उणीव एका व्यक्तिरेखेची आहे, प्रकारांच्या मिश्रणाची नव्हे, आणि तिचा विचार तशाच रीतीने व्हावा.

उमेश कुलकर्णी यांचा ‘देऊळ’ २०११ साली आला तेव्हा हीच तक्रार नव्याने ऐकू आली, म्हणून हा वाद केवळ एका जुन्या चित्रपटाचा राहत नाही. केशाला उंबराखाली दत्तदर्शन होते, गावात इस्पितळाऐवजी देऊळ उभे राहते, आणि मध्यांतराच्या सुमारास गावरान विनोद मागे पडून चित्रपट गंभीर होतो, याला कित्येकांनी तोल ढळणे म्हटले. तो तोल चित्रपटाचा ढळत नाही, गावाचा ढळतो. ज्याच्या भाबड्या श्रद्धेवर पूर्वार्धात हसू येते, तोच केशा आपल्या देवाला गावाने मांडलेल्या बाजारातून सोडवण्यासाठी मूर्ती घेऊन नदीकडे निघतो, आणि गाव दुसरी मूर्ती बसवून मोकळे होते. वाटेत त्याला भेटणाऱ्या दरोडेखोराच्या छोट्या भूमिकेत नसीरुद्दीन शाह आहेत, म्हणजे ‘जाने भी दो यारों’तला विनोद चोप्राच, आणि माझ्या मते ही भेट केवळ योगायोगाची नाही, कारण श्रद्धेला आणि पुराव्याला ज्या व्यवस्थेत गिऱ्हाईक मिळते पण वाली मिळत नाही, तिचे चित्रण या दोन्ही चित्रपटांनी एकाच पद्धतीने, आधी हसवत आणि मग हसू थांबवत केले आहे.