सॅक्सनाच्या हातचे पाणी

आम्ही दोघे महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि महिन्यातल्या एखाद्या रविवारी राजा आर्थरचे नाइट होतो. 'पेंड्रॅगन' हा ग्रेग स्टॅफर्ड यांनी १९८५ साली आणलेला, टेबलाभोवती बसून खेळायचा भूमिका-खेळ. एक जण सूत्रधार, बाकीच्यांकडे एकेक पात्र. पात्र काय बोलते, काय करते ते खेळाडूने त्या क्षणी सांगायचे, आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. चाळिशी उलटलेल्या माणसांना हे शोभते काय, हा प्रश्न आमच्या घरी विचारून झालेला आहे.

या खेळात ताकद आणि चपळाईप्रमाणे स्वभावही आकड्यांत मांडतात. दयाळू-क्रूर, न्यायी-मनमानी अशा तेरा जोड्या. प्रत्येक जोडीची बेरीज वीस, म्हणजे एक बाजू चढली की दुसरी उतरते. याखेरीज उत्कट भावना वेगळ्या नोंदवायच्या: धन्यावरची निष्ठा, कुटुंबावरचे प्रेम, आतिथ्य, आणि द्वेष. आमच्यापैकी एकाच्या (कोणाच्या, ते सांगत नाही) नाइटची निष्ठा १५ आणि सॅक्सनद्वेष १४ आहे. बाप सॅक्सनांशी लढताना पडला, एवढी पार्श्वभूमी. आणि धन्याचा हुकूम असा, की तहाचा ओलीस म्हणून आलेल्या बारा वर्षांच्या सॅक्सन मुलाला किल्ल्यापर्यंत सुखरूप पोहोचवायचे.

दुसऱ्या दिवशीच्या मुक्कामावर सूत्रधाराने सहज सांगितले, की मुलाने ओढ्यावरून पाणी भरून आणले आहे. आमचा नाइट क्षणभरही न थांबता म्हणाला, "याच्या हातचं पाणी मी घेत नाही."

टेबल गप्प झाले. आमच्याबरोबर आमचा एक माजी विद्यार्थी खेळतो. त्याने कारण नसताना फासे उचलून पुन्हा खाली ठेवले. त्याच्या आजोबांच्या गावात पाणवठे दोन होते, हे त्याने आम्हांला पूर्वी कधीतरी सांगितले होते.

खेळाच्या पुस्तकात सॅक्सनांचा द्वेष आहे. त्यांच्या हातच्या पाण्याचा विटाळ नाही. पुस्तकाने फक्त १४ हा आकडा दिला होता. तो आकडा मराठीत बोलू लागला तेव्हा त्याला शब्द मिळाले ते आमच्या स्वयंपाकघरातून, माजघरातून. आणि शोधावे लागले नाहीत, जिभेवर तयारच होते. नटाला नाटककाराने लिहिलेले वाक्य म्हणता येते, कादंबरीकाराला खोडता येते. इथे दोन्ही सोयी नाहीत. शिवाय खेळाडू 'तो' म्हणत नाही, 'मी' म्हणतो.

मग अशी पात्रे घेऊच नयेत काय? या प्रकारचा आद्य खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली आणला. त्याच्या १९७७च्या राक्षसकोशात 'ऑर्क' ही अख्खी जमात दुष्ट ठरवलेली होती, आणि पुढच्या वर्षीच्या खेळाडूंच्या पुस्तकात ऑर्कांवर वार करताना बुटक्या 'ड्वार्फ' वीरांना एक गुण जास्त मिळे. २०१४च्या आवृत्तीत हा जादा गुण उरला नाही, आणि २०२४च्या आवृत्तीत 'रेस' हा शब्द जाऊन 'स्पीशीज' आला. पूर्वग्रह आणि कर्तव्य यांच्यातला झगडा यामुळे हरवला, अशी तक्रार जुने खेळाडू करतात. ती आम्हांला पटत नाही. सगळे ऑर्क दुष्टच, असे पुस्तकच सांगत असेल, तर ड्वार्फाचा ऑर्कद्वेष हा पूर्वग्रह नव्हेच. ती अचूक माहिती झाली. झगडा हरवायला तो आधी असावा लागतो. पेंड्रॅगनमध्ये द्वेष सॅक्सनांच्या वर्णनात नसून नाइटच्या कागदावर आहे. तो त्याचा आहे आणि त्यालाच निस्तरायचा आहे. (बहुतेक खेळाडू हा सॅक्सनद्वेष इंग्रजीत, म्हणजे सॅक्सनांच्याच भाषेच्या लेकीत व्यक्त करतात, ही गंमत वेगळी.)

एक अडचण मात्र खरी. लढाईत द्वेषाचा फासा जुळला तर नाइटच्या हाताला बळ येते. म्हणजे द्वेष फायद्याचा, आणि त्याची किंमत बहुधा दुसऱ्यानेच मोजायची. कधी पुस्तकातल्या मुलाने, कधी टेबलापाशी बसलेल्या माणसाने. त्या रविवारी आम्ही खेळ थांबवायला निघालो होतो. तेव्हा आमचा विद्यार्थी म्हणाला, "सर, थांबवू नका. पण त्याला तहान लागू द्या. दर मुक्कामाला मोजा."

पूर्वग्रहाच्या भूमिकेविषयी याहून नेमके आम्हांला काही सांगता येत नाही, आणि हे आम्हांला सुचले नव्हते, हेही नोंदवायला हवे. आमची धाव मुलाने हसून पाहावे आणि नाइटचे हृदय विरघळावे इथपर्यंत; महाविद्यालयीन कथास्पर्धांचे परीक्षण वर्षानुवर्षे केल्याचा हा परिणाम असावा.

सूत्रधाराने तहान मोजली. ओढा मागे पडला होता, पुढचे दोन मुक्काम कोरडे होते, आणि पाण्याची पिशवी मुलाच्या खांद्यावर होती. दोनदा फासा टाकला. दोन्ही वेळा द्वेष जुळला, निष्ठा हुकली. तिसऱ्यांदा निष्ठा जुळली, पण तिने एवढेच केले, की ग्लानी आलेला नाइट घोड्यावरून उतरला आणि त्याने मुलाला घोड्यावर बसवले. पाणी घेतले नाही. किल्ल्याच्या दाराशी तो कोसळला. मुलगा सुखरूप पोहोचला होता. धन्याने भर सभेत नाइटची पाठ थोपटली, आणि नियमाप्रमाणे आम्ही त्याच्या कागदावर कीर्तीचे गुण चढवले. सॅक्सनद्वेषाच्या रकान्यात १४ होते, ते १४च राहिले.