विश्लेषण : मोठ्या शिकारीचे काडतूस कोण ठरवते? प्राणी, लष्कर की कायदा?

डेन्मार्कने १ एप्रिल २०२४ पासून शिकारीच्या रायफलमध्ये शिशाची गोळी वापरण्यास बंदी घातली. देशभर असा निर्णय लागू करणारा तो जगातील पहिला देश ठरला. जुलै २०२५ मध्ये ब्रिटन सरकारनेही इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये शिकारीसाठीच्या शिसेयुक्त दारूगोळ्यावर टप्प्याटप्प्याने बंदी आणण्याची घोषणा केली. मूस, रानडुक्कर, रेडा, हत्ती यांसारख्या मोठ्या प्राण्यांच्या शिकारीत कोणत्या देशात कोणते काडतूस चालते, हे वरवर शिकाऱ्याच्या आवडीनिवडीवर अवलंबून आहे असे वाटते. प्रत्यक्षात ही निवड बऱ्याच अंशी त्या देशाच्या लष्कराने आणि कायदेमंडळाने आधीच केलेली असते. शिशाच्या बंदीमुळे ही सव्वाशे वर्षांची घडी आता विस्कटू लागली आहे.

काडतुसाच्या नावातील आकडे काय सांगतात?

काडतुसात चार गोष्टी असतात. पितळी पुंगळी, तिच्या तळाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. नावातील आकडा बहुधा गोळीचा व्यास सांगतो, पण नाव ठेवण्याची पद्धत देशागणिक बदलते. युरोपात व्यास आणि पुंगळीची लांबी मिलिमीटरमध्ये देतात. ९.३×६२ म्हणजे ९.३ मिलिमीटरची गोळी आणि ६२ मिलिमीटरची पुंगळी. ब्रिटन-अमेरिकेत व्यास इंचाच्या भागांत सांगतात आणि पुढे बंदूक कंपनीचे नाव, सालही जोडतात. अमेरिकेतील .३०-०६ मधील ‘०६’ म्हणजे १९०६, हे काडतूस लष्कराने स्वीकारले ते साल.

केवळ व्यासावरून ताकद मात्र कळत नाही. .३०८ विंचेस्टर आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम या दोन्ही काडतुसांत गोळीचा व्यास एकच आहे. दुसऱ्याच्या पुंगळीत दारू बरीच जास्त मावते, म्हणून त्याची गोळी अधिक वेगाने जाते. गोळीचे वजन, वेग आणि त्यातून मिळणारी ऊर्जा या तीन गोष्टी एकत्र पाहिल्या तरच तुलना अर्थपूर्ण ठरते.

लष्कराचा शिकारीशी काय संबंध?

संबंध थेट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूरविरहित दारू आली आणि प्रत्येक देशाच्या लष्कराने नवी रायफल, नवे काडतूस निवडले. कारखाने त्यासाठी उभे राहिले, लाखो सैनिकांचा हात त्यावर बसला आणि युद्धे संपल्यावर जुन्या रायफली स्वस्तात बाजारात आल्या. शेतकरी आणि शिकाऱ्यांनी त्याच उचलल्या.

अमेरिकेत .३०-०६ हे दोन्ही महायुद्धांतील लष्करी काडतूस पुढे हरीण, एल्क, अस्वल या सर्वांसाठी घराघरांत पोहोचले. त्यानंतरचे .३०८ विंचेस्टर १९५२ मध्ये नागरी बाजारात आले आणि दोनच वर्षांत त्याचा जुळा भाऊ ‘नाटो’चे अधिकृत काडतूस बनला. स्वीडन आणि नॉर्वे यांनी एकत्रित आयोगामार्फत ठरवलेले ६.५×५५ हे काडतूस १८९०च्या दशकातले. ते आजही तेथील जंगलात मूसच्या शिकारीला वापरले जाते. फिनलंड आणि रशियात १८९१च्या मोसिन-नागां रायफलचे काडतूस टिकून राहिले. कॅनडा आणि न्यूझीलंडमध्ये ब्रिटिश साम्राज्याचे .३०३ अनेक दशके शिकाऱ्यांच्या हाती होते.

मग फ्रान्समध्ये वेगळे चित्र का?

कारण तेथील कायद्याने उलट दिशा घेतली होती. लष्करी काडतुसे ही ‘युद्धसामग्री’ मानली जात असल्याने .३०-०६, .३०८, ८×५७ यांसारखी काडतुसे सामान्य शिकाऱ्याला सहज मिळत नसत. त्यामुळे जर्मन रचनाकार विल्हेल्म ब्रेनेके यांनी १९१७ मध्ये तयार केलेले आणि कोणत्याही लष्कराचे अधिकृत काडतूस नसलेले ७×६४ फ्रान्समध्ये कमालीचे लोकप्रिय झाले. सप्टेंबर २०१३ मध्ये शस्त्रांचे नवे वर्गीकरण लागू झाले आणि बहुतेक जुन्या लष्करी काडतुसांवरील हे बंधन सुटले. तोवर दोन-तीन पिढ्यांची सवय घडून गेली होती.

याच प्रकारची सर्वात गाजलेली बंदी भारताशी निगडित आहे. मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलींची .४५० व्यासाची गोळी बंडखोरांच्या हाती पडेल, या भीतीने ब्रिटिश सरकारने १९०७ मध्ये भारत आणि सुदानमध्ये .४५० बोअरच्या काडतुसांवर बंदी घातली. तोवर हत्ती आणि रानरेड्यांच्या शिकारीत .४५० नायट्रो एक्स्प्रेसचा दबदबा होता. लंडनच्या बंदूक उत्पादकांनी मग व्यास किंचित बदलून .४६५, .४७०, .४७५ अशी नवी काडतुसे बाजारात आणली. त्यांतील .४७० नायट्रो एक्स्प्रेस आजही आफ्रिकेत दुनळी रायफलींसाठी वापरले जाते. हत्तीच्या कातडीची जाडी बदलली नव्हती, बदलला होता तो केवळ सरकारी आदेश.

प्राण्याच्या आकाराला काहीच महत्त्व नाही का?

आहे, पण तेही आता कायद्याच्या भाषेत मांडले जाते. नामिबियात यासाठी सरळ पायऱ्या आहेत. स्प्रिंगबकसारख्या लहान हरणासाठी गोळीची किमान ऊर्जा १,३५० ज्यूल, कुडू किंवा एलँडसाठी २,७०० ज्यूल आणि रेडा, हत्ती, गेंडा यांच्यासाठी ५,४०० ज्यूल. प्रत्येक पायरीला दुप्पट. .३०-०६ची ऊर्जा साधारण चार हजार ज्यूलच्या आसपास असते, म्हणजे ते कुडूला चालते, रेड्याला नाही. हॉलंड अँड हॉलंड कंपनीने १९१२ मध्ये आणलेले .३७५ मॅग्नम मात्र ही सर्वात वरची पायरी ओलांडते. आफ्रिकेतील अनेक देशांत धोकादायक प्राण्यांसाठी .३७५ हीच किमान मर्यादा मानली जाते. शतकभरानंतरही या काडतुसाची मागणी टिकली आहे, त्यामागे हे मोठे कारण आहे.

जर्मनीत रो जातीच्या लहान हरणासाठी १०० मीटरवर १,००० ज्यूल ऊर्जा लागते. त्याहून मोठे हरीण आणि रानडुकरासाठी किमान ६.५ मिलिमीटर व्यास आणि १०० मीटरवर २,००० ज्यूल. स्वीडनने गोळीचे वजनही धरले. मूससाठी गोळी किमान ९ ग्रॅमची असेल तर १०० मीटरवर २,७०० ज्यूल, १० ग्रॅम किंवा जास्त असेल तर २,००० ज्यूल. तुलनेने सौम्य असलेले ६.५×५५ मूससाठी वैध ठरते, ते या दुसऱ्या पर्यायामुळे. त्याची गोळी लांब आणि जड असते.

मात्र ऊर्जेचा आकडा म्हणजे सर्वस्व नव्हे. ‘करामोजो’ बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या प्रारंभी आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले, ते बहुतांश ७×५७ माउझर या मध्यम काडतुसाने. आजच्या नामिबियात ते बेकायदा ठरेल. बेलचा भर प्राण्याच्या शरीररचनेच्या अभ्यासावर आणि अचूक नेमावर होता. म्हणूनच नॉर्वेत मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी दरवर्षी नेमबाजीची चाचणी द्यावी लागते. कायदा काडतूस ठरवू शकतो; नेम चुकला तर जखमी प्राणी जंगलात तडफडत मरतो, हे काडतूस टाळू शकत नाही.

युद्धात निषिद्ध गोळी शिकारीत सक्तीची कशी?

कोलकात्याजवळच्या डमडम येथील कारखान्यात १८९०च्या दशकात शरीरात शिरल्यावर पसरणारी गोळी तयार झाली. तिने होणाऱ्या भीषण जखमांमुळे १८९९च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांचा युद्धातील वापर निषिद्ध ठरवण्यात आला. शिकारीचा कायदा नेमके उलटे सांगतो. इंग्लंड आणि वेल्सच्या १९९१च्या हरीणविषयक कायद्यानुसार मऊ किंवा पोकळ टोकाची, म्हणजे पसरणारीच गोळी वापरावी लागते. पूर्ण धातूचे आवरण असलेली लष्करी गोळी प्राण्याच्या आरपार जाते. प्राणी लगेच मरत नाही आणि पलीकडे असलेल्या कुणाला तरी इजा होण्याचा धोका राहतो. पसरणारी गोळी आपली बहुतांश ऊर्जा शरीरातच सोडते आणि मृत्यू लवकर येतो.

अशा गोळीसाठी शिसे हा आदर्श धातू होता. जड, मऊ आणि स्वस्त. अडचण त्याच गुणांत दडलेली आहे.

शिशावर आक्षेप कोणता?

वेगाने हाडावर आदळलेली शिशाची गोळी फुटते आणि तिचे बारीक कण जखमेभोवती दूरवर पसरतात. शिकारी आतडी-कोथळा जंगलातच टाकून जातो. गिधाडे, गरुड तो खातात आणि त्यांना शिशाची विषबाधा होते. कॅलिफोर्निया काँडोर या प्रचंड गिधाडाची संख्या १९८२ मध्ये अवघी २२ उरली होती. बंदिस्त प्रजननातून ती पाचशेवर नेण्यात यश आले, तरी जंगलात सोडलेल्या पक्ष्यांच्या मृत्यूचे प्रमुख कारण शिसेच राहिले. त्यामुळे कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा करून १ जुलै २०१९ पासून राज्यभर शिकारीत शिशाला पूर्ण मनाई केली. जपानच्या होक्काइडो बेटावर सिका हरणांचे अवशेष खाऊन समुद्री गरुड मरू लागल्यावर २००० पासून हरणांच्या शिकारीत शिशाच्या रायफल गोळ्यांवर निर्बंध आले.

प्रश्न माणसांचाही आहे. शिकारीचे मांस युरोप-अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर खाल्ले जाते. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात २००८ मध्ये गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या मांसात शिशाचे कण आढळले आणि ते टाकून देण्याची सूचना अन्नवाटप केंद्रांना देण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही. लहान मुले आणि गर्भवतींना त्याचा धोका सर्वाधिक.

तांब्याची गोळी वापरण्यात अडचण काय?

तांबे शिशापेक्षा सुमारे एकपंचमांश हलके असते. तेवढ्याच वजनाची गोळी करायची तर ती लांब होते. लांब गोळी हवेत स्थिर राहण्यासाठी नळीच्या आतल्या पिळदार खाचा अधिक घट्ट पिळाच्या असाव्या लागतात. अनेक जुन्या रायफलींत त्या तशा नसतात. म्हणून उत्पादक हलकी पण वेगवान गोळी करतात. तेथे वजनावर आधारलेले जुने निकष आडवे येतात. ज्या जड गोळीच्या भरवशावर ६.५×५५ने शतक काढले, ती तांब्यात जशीच्या तशी करता येत नाही. मोठ्या व्यासाच्या ९.३×६२ किंवा .३७५ला हा प्रश्न तुलनेने कमी जाणवतो. म्हणजेच शिशाची बंदी केवळ धातू बदलत नाही, ती लोकप्रिय काडतुसांचा क्रमही बदलू शकते.

तांब्याची गोळी सहसा महाग पडते आणि कमी वेगात पुरेशी पसरत नाही, त्यामुळे फार लांबून गोळी झाडणे टाळावे लागते. अमेरिकेत हा विषय राजकीयही झाला. ओबामा प्रशासनाने जानेवारी २०१७ मध्ये, कार्यकाळाच्या शेवटच्या दिवसांत, संघराज्याच्या वन्यजीव क्षेत्रांतून शिसे हटवण्याचा आदेश काढला. ट्रम्प प्रशासनाने मार्च २०१७ मध्येच तो रद्द केला. शिशाची बंदी म्हणजे शिकारीवरच मागच्या दाराने बंदी, असा तेथील शस्त्रसमर्थक संघटनांचा आक्षेप आहे. डेन्मार्कमध्ये मात्र ही भीती खरी ठरली नाही. तेथे छऱ्याच्या बंदुकांसाठी शिशाला १९९६ पासूनच मनाई आहे आणि शिकार सुरूच आहे.

भारतात काय स्थिती?

जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा अंत केल्याबद्दल भेट मिळालेली रायफल .२७५ रिग्बी होती. हे ब्रिटिश नाव असले तरी काडतूस तेच, बेलचे ७×५७ माउझर. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नंतर छंदासाठी होणारी शिकार संपली. मात्र लष्कर आणि नागरी शस्त्र यांच्यातील जुनी भिंत कायम आहे. .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर ही ‘प्रतिबंधित बोअर’ मानली जातात. परवानाधारक शेतकऱ्याच्या हाती दिसते ती सरकारी आयुध कारखान्यात बनलेली .३१५ बोअरची रायफल. फ्रान्सचा ७×६४ आणि भारतातील .३१५ यांच्या मुळाशी एकच तर्क आहे.

महाराष्ट्रात रानडुक्कर आणि रोही पिकांची नासाडी करतात, तेव्हा वन विभागाच्या परवानगीने आणि अटींसह त्यांना मारण्याची तरतूद आहे. त्यावरील चर्चा परवानगी कोण देणार, भरपाई किती आणि मृत प्राण्याची विल्हेवाट कशी, याभोवती फिरते. गोळी कोणत्या धातूची, हा मुद्दा तिच्यात क्वचितच येतो. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक औषधामुळे, त्यांचे मृतदेह खाणारी गिधाडे या देशाने गमावली आणि २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालावी लागली. मृत जनावरातील विष कुठवर पोहोचते, हे भारताला वेगळे सांगण्याची गरज नाही.

पुढे काय?

ब्रिटनमध्ये नव्या नियमांसाठी तीन वर्षांचा संक्रमणकाळ ठेवण्यात येणार आहे. लष्कर आणि पोलिसांना त्यातून वगळले आहे. युरोपीय महासंघात पाणथळ भागांत शिशाचे छरे फेब्रुवारी २०२३ पासून बंद आहेत आणि रायफलच्या गोळ्यांपर्यंत निर्बंध वाढवण्याचा प्रस्ताव चर्चेत आहे. जुने वजनाचे आणि ऊर्जेचे निकष तांब्याला अनुरूप कसे करायचे, हे प्रत्येक देशाला ठरवावे लागेल. निकष सैल केले तर जखमी प्राण्यांची संख्या वाढण्याची भीती आहे आणि तसेच ठेवले तर लाखो जुन्या रायफली निरुपयोगी होण्याची. आजवर लष्कराने काडतूस निवडले आणि कायद्याने त्याला मर्यादा घातल्या. आता ही निवड जंगलात मागे उरणाऱ्या अवशेषांवरून आणि ताटात येणाऱ्या मांसावरून होऊ लागली आहे.