पडदा नर्तकाच्या मागे की पुढे?

अमेरिकन नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांनी ‘बायपेड’ हे नृत्य १९९९ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी रंगमंचावर आणलं. नर्तकांच्या सांध्यांवर परावर्तक ठिपके लावून त्यांच्या हालचाली कॅमेऱ्यांनी टिपल्या होत्या. पॉल कायझर आणि शेली एश्कर या डिजिटल कलाकारांनी त्यांतून खडूने ओढल्यासारख्या रेषांच्या आकृत्या घडवल्या.

प्रयोगात या आकृत्या रंगमंचाच्या पुढच्या झिरझिरीत पडद्यावर उमटतात आणि खरे नर्तक त्याच्या मागे नाचतात. एखादी रेघ माणसाहून कितीतरी उंच होते, पाय उचलते, विरून जाते. तोवर मागे कुणीतरी खरोखरच एका पायावर तोल सावरत उभं असतं. प्रेक्षकाची नजर दोन्हीकडे धावते आणि त्या धावपळीतच खरी गंमत आहे.

इथे यंत्राला जे मिळालं, ते नाचणाऱ्या देहाकडूनच.

आपल्याकडे मात्र तंत्रज्ञान म्हटलं की बहुतेकदा नर्तकाच्या मागे भलीमोठी एलईडी भिंत उभी राहते. त्यावर मंदिरं, ढग, धबधबे सरकत राहतात आणि त्या झगमगाटात भरतनाट्यम करणाऱ्या मुलीचे डोळेच दिसेनासे होतात. अभिनय असा झाकोळला जाणं हा तिच्या मेहनतीवर अन्याय आहे. आयोजकांनी दृश्यरचनाकाराला कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नव्हे, तालमीच्या पहिल्या दिवसापासून बोलवावं.