पायपर कोण घडवितो?

बॅगपाइपचें नांव निघतांच आपल्याकडील सुशिक्षित गृहस्थाच्या डोळ्यांपुढें लष्करी संचलन उभें राहतें. चौकड्यांच्या कापडाचे घोळदार झगे ल्यालेले शिपाई, ढोलांचा दणदणाट, आणि त्यावर ताण करणारा एक अखंड, टोचणारा सूर! फार तर गढवाल-कुमाऊंकडील वरातींत वाजणारी मशकबीन कोणास आठवेल. "याला छाती लागते, विद्या कशाला हवी?" असा अभिप्राय चांगल्या जाणत्या श्रोत्यांच्या तोंडून मीं ऐकला आहे. हा अभिप्राय अज्ञानाचा आहे, आणि अज्ञान माहितीनें दूर होतें. परंतु याहून अधिक घातक असें एक मत अलीकडे शहाण्यासुरत्या लोकांत रूढ होत आहे. ते म्हणतात, "विद्या आहे हें मान्य, पण ती आतां पुस्तकांत आली, परीक्षांत आली, पडद्यावर घरबसल्या पाहावयास मिळूं लागली. मग वर्षानुवर्षें एकाच गुरूपाशीं बसून त्याच्या तोंडून चाली घोकण्याचा जुनाट खटाटोप कशासाठीं?" या मताचा मला समाचार घ्यावयाचा आहे. स्कॉटलंडांतील पायपरांचा इतिहास मी साक्षीस काढतों, कारण हें भांडण तेथें उघड्यावर झालें, आणि त्यांत कोणाचें काय गेलें तें आज आपणांस शांतपणें पाहतां येतें.

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊं. हायलँड बॅगपाइपला एक पिशवी, ती फुगविण्याची नळी, नुसता सूर धरणाऱ्या तीन नळ्या म्हणजे 'ड्रोन', आणि बोटांनीं वाजविण्याची एक नळी म्हणजे 'चँटर', एवढीं अंगें असतात. चँटरवर स्वर अवघे ९. काखेंतील पिशवी दाबून वारा सतत चालू ठेवावयाचा असल्यामुळें वादन चालू असतां स्वर मध्येंच थांबवितां येत नाहीं, कीं लहान-मोठाही करतां येत नाहीं. तबलजीस थाप हलकी-जड करतां येते, गवयास आवाज चोरतां येतो, सतारियास तार मूक करतां येते. पायपरास यांतली कोणतीच सवलत नाहीं. एकच स्वर लागोपाठ दोनदां वाजवावयाचा झाला तरी मध्यें दुसऱ्या स्वराचा निमिषमात्र स्पर्श द्यावा लागतो. अशा कणस्वरांच्या निरनिराळ्या गुंफणी हेंच या वाद्याचें व्याकरण होय. आघात, विसावा, करुणा, आवेश हें सारें एकाच गोष्टीवर अवलंबून असतें: कोणता स्वर किती काळ धरला आणि त्याच्या अंगावर कोणता कण टाकला. वाचकांनीं हा मुद्दा ध्यानांत ठेवावा. पुढील सारा वाद त्याच्याभोंवतींच फिरतो.

म्हणूनच नवशिक्या मुलास पिशवीला हात लावूं देत नाहींत. त्याच्या हातीं 'प्रॅक्टिस चँटर' नांवाची, तोंडानें फुंकावयाची साधी नळी येते. बोटांच्या टोकांनीं नव्हे, तर पेरांच्या सपाट भागांनीं तिचीं छिद्रें झांकावयाचीं, आणि प्रत्येक कण स्वच्छ उमटेपर्यंत तीच ती घोटणी करावयाची. हा क्रम बहुधा वर्षभर चालतो. मग पिशवी हातीं येते, आणि आपण शिकलों तें अर्धेंच होतें असें मुलास तत्काळ कळून चुकतें. कारण फुंक, काखेचा दाब आणि बोटें यांचा मेळ बसला नाहीं, तर ड्रोनचा सूर डळमळतो आणि सारी मेहनत मातींत जाते. यांतून पार पडलेला मुलगा कूच आणि नाचाच्या चाली वाजवूं लागतो. लोक टाळ्या वाजवितात, आईबाप धन्य होतात, आणि पुष्कळांची यात्रा येथेंच संपते.

खरी विद्या याच्या पलीकडे आहे. गेलिक भाषेंत तिला 'थोर संगीत' म्हणतात. पीब्रोक हें तिचें रूढ नांव. पीब्रोकचा आरंभ 'उर्लार'नें होतो. या शब्दाचा अर्थच 'जमीन'. ही संथ जमीन मांडून झाली, कीं तिच्यावर एकाहून एक गुंतागुंतीचे फेर चढत जातात. बोटांची चपळाई शिगेला पोंचते, आणि शेवटीं वादक पुन्हां त्या पहिल्या संथ जमिनीवर येऊन उभा राहतो. एका रचनेस १० ते २० मिनिटें सहज लागतात. विलंबितापासून द्रुतापर्यंतची चढण ज्यानें आपल्या मैफलींत ऐकली आहे, त्यास ही मांडणी परकी वाटूं नये.

ही विद्या शतकानुशतकें मुखानेंच चालत आली. स्काय बेटावर बोरेरेग येथें मॅक्लाउड सरदारांचे वंशपरंपरागत पायपर मॅक्रिमन राहत. त्यांच्याकडे दूरदूरचे शिष्य येऊन राहत. शिकविण्याचें साधन म्हणजे 'कँटरेख्त', अर्थात् बोल. 'हिहारिन', 'होड्रो' अशा अक्षरांनीं चाल गाऊन सांगावयाची: स्वर कोणता, कण कोणता, हें अक्षर सांगतें, आणि कोठें रेंगाळावें, कोठें उतरावें, हें गाणाऱ्याचा गळा सांगतो. तबल्याचे बोल ज्यांच्या कानांवरून गेले आहेत, त्यांस या पद्धतीचें शहाणपण निराळें समजावून सांगावयास नको.

आतां एका शिष्याची हकीकत पाहा. इन्व्हर्नेसचे जॉन मॅक्डोनल्ड (१८६५–१९५३) हे आपल्या काळांतील अग्रगण्य पायपर. तरुणपणीं ते माल्कम मॅक्फर्सन नांवाच्या गुरूकडे शिकावयास जात. त्या शिकवणीचें वर्णन त्यांनींच म्हातारपणीं करून ठेविलें आहे. सकाळीं न्याहारी आटोपली, कीं गुरुजी ओलें पीट, म्हणजे दलदलींतील जळाऊ माती, आणून चुलींत रचीत. मग शिष्याजवळ बसून पुस्तकें आणि स्वरलिपीचे कागद सारे दूर सारीत. आणि जी रचना शिकवावयाची, तिची जमीन व एकेक फेर आपल्या बोलांत गाऊन दाखवीत. शिष्य ऐके, गाई, आणि मग वाजवी. ही शाळा! ना फळा, ना वेळापत्रक, ना प्रमाणपत्र. आणि या शाळेंतून बाहेर पडलेल्या शिष्यानें उत्तम उत्तम पदकें जिंकलीं.

"पण म्हणून पुस्तकांचा द्वेष करावयाचा काय?" असें कोणी विचारील. मुळींच नाहीं. पुस्तकाचे उपकार मी नाकारीत नाहीं. या वाद्याचें पहिलें शास्त्र लिहिणारा जोसेफ मॅक्डोनल्ड हा १७६० सालीं हिंदुस्थानाकडे निघाला होता. जहाजाच्या प्रवासांत त्यानें आपला ग्रंथ लिहिला, आणि १७६३ सालीं याच भूमींत तो तरुणपणीं वारला. त्याच्या भावानें तो ग्रंथ १८०३ सालीं छापविला नसता, तर अठराव्या शतकांतील वादनाविषयीं आज आपणांस कितीसें कळलें असतें? कोलिन कँपबेल यानें १७९७ सालीं बोलांचींच अक्षरें कागदावर उतरविलीं, आणि अँगस मॅके यानें १८३८ सालीं स्वरलिपीचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. हे सारे विद्येचे उपकारकर्ते आहेत. माझें म्हणणें इतकेंच, कीं पुस्तक ही विद्येची आठवण आहे. तिला विद्या समजूं नये.

घोटाळा झाला तो नेमका येथें. उर्लारमध्यें पुष्कळ ठिकाणीं मुख्य स्वराच्या आधीं दोन-तीन स्वरांची एक लहानशी उतरण येते. छापील प्रतींत ती बारीक टिंबांनीं दाखवितात. त्यांतला कोणता स्वर किती लांबवावा, हें टिंब सांगत नाहीं. एका गुरूचा शिष्य तेथें रेंगाळतो, दुसऱ्याचा चटकन् उतरतो, आणि या फरकांतच त्या त्या परंपरेचा जीव असतो. १९०३ सालीं पीब्रोक सोसायटी स्थापन झाली. सरदार, सरकारी अधिकारी, सैन्यांतील कामगार अशा सुशिक्षितांचें हें मंडळ. हेतु स्तुत्य: विद्या बुडूं नये. परंतु ओबन आणि इन्व्हर्नेस येथील मोठ्या स्पर्धांत कोणत्या रचना वाजवाव्या हें मंडळ ठरवूं लागलें, आणि त्या रचनांच्या आपल्या प्रती छापूं लागलें. १९२५ पासून निघालेल्या पुस्तकमालेचे प्रमुख संपादक आर्चिबाल्ड कँपबेल हे हिंदुस्थानांत सिव्हिल सर्व्हिसमध्यें असून पंजाबांत न्यायाधीश होते. त्यांचा व्यासंग थोर होता, निष्ठाही खरी होती. तथापि परिणाम काय झाला? परीक्षक समोर छापील प्रत उघडून बसले. ज्या वादकानें गुरूनें दिलें तसें वाजविलें त्यास पदक हुकण्याची धास्ती, आणि ज्यानें टिंबाबरहुकूम वाजविलें तो निर्धास्त! आपण शिकलों तें या प्रतींशीं जुळत नाहीं, असें जॉन मॅक्डोनल्ड उत्तरायुष्यांत सांगत राहिले. ज्याच्या बोटांत विद्या, तो अर्जदार. ज्याच्या हातांत पुस्तक, तो न्यायाधीश. असा उलटा न्याय होऊं लागला.

स्पर्धेचे कैवारी म्हणतील, "१७८१ सालीं फॉल्कर्क येथें स्पर्धा सुरू झाल्या नसत्या तर ही कला सरदारांबरोबरच लयास गेली असती." यांत तथ्य आहे, आणि तें मी मोकळ्या मनानें कबूल करतों. आश्रयदाते गेल्यावर स्पर्धेनेंच पायपरास व्यासपीठ दिलें. परंतु ज्या काठीच्या आधारानें आजारी माणूस उठून बसला, ती काठी म्हणजे त्याचे पाय नव्हेत. स्पर्धा कलावंतास लोकांपुढें आणते. त्यास कलावंत करीत नाहीं. तें काम कोणी केलें, हें पाहावयाचें तर पदकांच्या यादीकडे नव्हे, शिष्यांच्या यादीकडे पाहिलें पाहिजे.

जॉन मॅक्डोनल्ड यांचें मोठेपण मला त्यांच्या पदकांपेक्षां येथेंच अधिक दिसतें. बाल्मोरलच्या राजेशाही इस्टेटीवर नोकरीस असलेले रॉबर्ट ब्राउन आणि रॉबर्ट निकोल हे दोन तरुण त्यांच्याकडे शिकले. जसें माल्कम मॅक्फर्सननें गाऊन दिलें, तसें जॉननें या दोघांस गाऊन दिलें. दोघेही नामांकित वादक झाले, आणि पुढें दोघेही शिक्षक झाले. ब्राउन १९७२ सालीं वारले, निकोल १९७८ सालीं. त्यांच्या बोलांच्या आणि वादनाच्या ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध आहेत. त्यांचे शिष्य जेम्स मॅकिंटॉश अमेरिकेंत गेले, आणि पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठांत पायपिंगची पदवी सुरू झाली तेव्हां तेथें शिक्षक म्हणून तेच होते. वाचकहो, ही सांखळी पाहा! चुलींतल्या ओल्या पीटपासून विद्यापीठाच्या वर्गापर्यंत विद्या पोंचली ती एका मुखांतून दुसऱ्या कानांत. म्हणून मी पदवीचा शत्रु नाहीं. पदवीच्या वर्गांत कोण बसला आहे, आणि तो कागद वाचून दाखवितो कीं गाऊन दाखवितो, एवढेंच मी विचारतों.

यावरून शिकाऊ, वादक आणि शिक्षक या तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत ही समजूतही खोटी ठरते. ज्यानें गाऊन घेतलें नाहीं तो वाजवील कदाचित्, पण देऊं शकणार नाहीं. आणि ज्यास देतां येत नाहीं, त्याच्याबरोबर त्याचें वादनही संपतें. वादक होणें हें शिक्षणाचें मध्य आहे, शेवट नव्हे.

आतां आपल्या घराकडे वळूं. १९०१ सालीं पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय काढलें, पं. भातखंडे यांनीं उस्तादांच्या घरोघर जाऊन चिजा मिळविल्या आणि स्वरलिपींत बांधल्या. दोघांनींही बंद दारें उघडलीं, आणि तें काम थोर होतें. परंतु त्या उघड्या दारांतून आपण मध्यमवर्गीय आईबाप कशासाठीं आंत गेलों? पूर्वीं गाणाऱ्या मुलास प्रश्न विचारीत, "कोणाकडे शिकतोस?" आतां विचारतात, "कितवी परीक्षा झाली?" या दोन प्रश्नांत जें अंतर आहे, त्यांतच सारी हानि सामावली आहे. लग्नमंडपांत सनई वाजविणाऱ्याच्या मुलानें बापाच्या मांडीवर जें ऐकलें, त्यास आपल्या लेखीं कांहींच मोल नाहीं, कारण त्यावर शिक्का नाहीं. आणि आपल्या मुलाच्या भिंतीवर शिक्क्यांची रांग असूनही, चार माणसांत एक ठुमरी म्हणावयास सांगतांच तो वही शोधूं लागतो!

पडद्यावरील धडे अवश्य पाहावे, पुस्तकें अवश्य घ्यावीं, परीक्षाही हौसेनें द्याव्या. पण त्यांस गुरूच्या जागीं बसवूं नये. कारण पडदा मुलास ऐकवितो, परंतु मुलाचें ऐकत नाहीं. त्याचा स्वर कोठें क्षणभर लवकर सुटला, हें कळून हात धरून थांबविणारा कोणी समोर असावा लागतो. आणि असा मनुष्य कोणत्याही मंडळास छापून काढतां येत नाहीं. तो मागच्या पिढीनें घडविलेला असावा लागतो. पुढच्या पिढीस तो मिळावा अशी इच्छा असेल, तर आपल्या मुलामुलींस आज अशा माणसापुढें नेऊन बसविलें पाहिजे, आणि वर्षभर 'काय येतें?' असें विचारण्याचा मोह आवरला पाहिजे.