घोड्याचे सांधे आणि डब्यातील पूड

मेहकर व आसपासच्या गावांत वरातीसाठी घोडी बाळगणाऱ्याची वर्षाची मिळकत तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नसराईवर अवलंबून असते. ऐन हंगामात घोडी मागच्या पायाने लंगडू लागली म्हणजे मालकाच्या पोटात गोळा उठतो, आणि तो प्रथम धावतो तो दुकानाकडे. तेथे सांध्यांच्या पुडीचा डबा त्याच्या हाती पडतो. ही पूड मुळीच घेऊ नये असे नाही. परंतु जी वस्तू सर्वांत शेवटी घ्यावयाची, ती आज सर्वांत प्रथम घेतली जात आहे.

या पुडीत बहुधा ग्लुकोसामीन, कॉन्ड्रॉइटिन आणि एम.एस.एम. नावाचे गंधकयुक्त द्रव्य असते. यांपैकी पहिली दोन द्रव्ये सांध्यातील कूर्चेच्या घडणीशी संबंधित आहेत, म्हणून ती खाऊ घातल्यास कूर्चा भरून येईल असा तर्क केला जातो. तर्क आकर्षक आहे. मात्र तोंडावाटे दिलेल्या ग्लुकोसामीनचा फारच थोडा अंश घोड्याच्या रक्तात पोहोचतो, आणि 2009 साली अशा प्रयोगांचे जे शास्त्रीय समालोचन प्रसिद्ध झाले त्यात पुराव्याचा दर्जा कमी असल्याचेच आढळून आले. पुष्कळ डब्यांवर बारीक अक्षरांत ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असे छापलेले असते, तेही मालकाने कोणाकडून तरी वाचून घ्यावे. बैलासाठी तर हा खर्च करूच नये. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटातील जंतूच ग्लुकोसामीनचा फडशा पाडतात.

घोड्याच्या लंगडण्याचे मूळ पुष्कळदा सांध्यात नसून खुरात असते. नाल सैल होणे, खिळा जिवंत भागात जाणे, खूर वाढून पायाचा तोल बिघडणे, ही कारणे नालबंदाच्या नजरेस सहज पडतात. दर पाच-सहा आठवड्यांनी खूर छाटून नाल नव्याने बसविणारा मालक डबा न घेताही पुष्कळ काही साधतो. त्यातून नाचऱ्या घोडीची गोष्ट निराळीच. सिमेंटच्या कठीण रस्त्यावर तिला वारंवार मागच्या दोन पायांवर उभे केले म्हणजे साऱ्या देहाचा भार त्या पायांच्या सांध्यांवर येतो. संध्याकाळी सांधे झिजवावयाचे आणि सकाळी पूड चारावयाची, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसत नाही.

खुराकाकडेही पाहिले पाहिजे. गव्हाच्या कोंड्यात स्फुरद पुष्कळ आणि चुन्याचा अंश अत्यल्प असतो. कोंड्यावरच पोसलेल्या घोड्याचे शरीर ती उणीव हाडांतून चुना काढून भागविते; हाडे पोकळ होतात, जबड्याची हाडे फुगतात आणि जनावर लंगडते. अशा घोड्यास पूड नव्हे, तर कोंडा कमी करून लसूणघास हवा.

दुकानातून वेदनाशामक इंजेक्शन आणून स्वतःच टोचण्याची खोड मात्र घातक होय. दुखणे दबते, घोडा पुन्हा वरातीत जातो आणि सांधा अधिकच झिजतो. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर 2006 पासून बंदी आहे, कारण ते दिलेल्या जनावराचे प्रेत खाऊन गिधाडे मोठ्या संख्येने मेली. माणसांसाठीची कुपी आणून ती पळवाट काढू नये.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्याने लंगडी घोडी प्रथम पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावयास लावावी. दुखणे सांध्याच्या झिजेचेच आहे असे डॉक्टरांनी सांगितले, विश्रांती, खूर व खुराक यांची व्यवस्था लागली, आणि तरीही मालकास पूड द्यावीशी वाटली, तर रोजच्या मात्रेत कोणते द्रव्य किती ग्रॅम आहे हे स्पष्ट छापलेला डबाच घ्यावा. नुसते ‘शक्तिवर्धक मिश्रण’ लिहिलेला परत करावा. सुरुवातीच्या दिवशी घोडी कठीण जमिनीवर दुडकी चालवून तिची चाल कशी पडते ते लिहून ठेवावे. दोन महिन्यांनी त्याच जागी पुन्हा चालवावी. फरक दिसला नाही, तर तिसऱ्या डब्याचे पैसे नालबंदाला द्यावेत.